बंद सेंट्रोमिअरवर काय उरते : प्रकल्प नोंदी

३ जून

आजपासून वही सुरू. प्रश्न एका ओळीत मावतो: एकाच गुणसूत्रावर दोन सेंट्रोमिअर असतील आणि त्यांतला एकच काम करत असेल, तर चालू सेंट्रोमिअरवर कोणती प्रथिने बसलेली असतात आणि बंद सेंट्रोमिअरवर कोणती?

माझ्यानंतर ही वही दुसरे कोणीतरी वापरणार आहे, म्हणून थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवते. पेशी विभागताना सूक्ष्मनलिका गुणसूत्राला जिथे धरतात ती जागा म्हणजे सेंट्रोमिअर, आणि त्या पकडीसाठी त्यावर प्रथिनांची जी बांधणी उभी राहते ती कायनेटोकोअर. एका गुणसूत्राला एक सेंट्रोमिअर हा नियम. दोन असले आणि दोन्ही चालू असले, तर एकाच क्रोमॅटिडला (विभाजनाआधी गुणसूत्राच्या ज्या दोन जुळ्या प्रती बनतात त्यांतल्या एकीला) दोन ध्रुवांकडून ओढ लागू शकते. मधला भाग ताणला जातो, पूल बनतो, पूल तुटतो. बार्बरा मॅकक्लिंटॉक यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस मक्यात हे चक्र पाहिले: तुटलेली टोके जुळतात, पुन्हा पूल, पुन्हा तूट.

आणि तरीही माणसांत दोन सेंट्रोमिअरची गुणसूत्रे सापडतात आणि शांतपणे टिकतात. रॉबर्टसोनियन स्थानांतरण, म्हणजे टोकाजवळ सेंट्रोमिअर असलेली दोन गुणसूत्रे एकमेकांना जुळणे, साधारण हजारात एका व्यक्तीत असते. त्यातली बरीच गुणसूत्रे दोन सेंट्रोमिअर बाळगून असतात आणि ती बाळगणारी माणसे बहुतेक वेळा निरोगी असतात. हे जमते कारण दोघांतला एक सहसा गप्प होतो. तो गप्प होतो म्हणजे नेमके काय होते, हे मला डोळ्यांनी पाहायचे आहे.

दोन पेशीवंश ठरले. ‘अ’ : १३ आणि १४ ही गुणसूत्रे जुळून झालेले रॉबर्टसोनियन. ‘ब’ : एक्स गुणसूत्राच्या दोन प्रती लांब भुजेच्या टोकाजवळ एकमेकींना आरशासारख्या जुळलेल्या. ‘ब’मध्ये दोन सेंट्रोमिअर एकमेकांपासून दूर आहेत, ‘अ’मध्ये अगदी शेजारी. मॅडमनी ‘ब’पासून सुरुवात करायला सांगितले. दूर असलेले आधी बघ, जवळचे नंतर.

५ जून

दिवसभर वाचन. या क्षेत्राची सुरुवात रुग्णांच्या रक्तापासून झाली, हे मला कितीदा वाचले तरी थांबवते. स्क्लेरोडर्मा या आजाराच्या एका प्रकारात, ज्याला क्रेस्ट म्हणतात, रुग्णाचे शरीर स्वतःच्याच सेंट्रोमिअरविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. १९८०मध्ये हे प्रथम नोंदवले गेले. १९८५मध्ये विल्यम अर्नशॉ आणि नाओमी रॉथफील्ड यांनी अशाच रुग्णांच्या सिरमच्या (रक्तद्रवाच्या) मदतीने सेंट्रोमिअरची तीन प्रथिने ओळखली: सेन्प-ए, सेन्प-बी, सेन्प-सी. वजने अनुक्रमे सुमारे १७, ८० आणि १४० किलोडाल्टन. त्वचा कडक होत जाणाऱ्या, बोटे थंडीत पांढरी पडणाऱ्या माणसांच्या रक्ताने आपल्याला हा दिवा दिला. फ्रीजरमधली ती छोटी नळी हातात घेताना हे लक्षात ठेवायचे.

१० जून

पहिल्या स्लाइड पूर्ण काळ्या. डॅपीत (डीएनएला लागणाऱ्या निळ्या रंगात) गुणसूत्रे सुंदर पसरलेली, हिरव्या चॅनेलमध्ये, जिथे प्रतिपिंडाला जोडलेल्या रंगाचा उजेड दिसायला हवा, काहीच नाही. ‘ब’मध्ये नाही, शेजारी ठेवलेल्या साध्या पेशींतही नाही.

चूक माझी. कॅरिओटाइप करायची (गुणसूत्रे पसरून ओळखायची) सवय हातात इतकी भिनलेली की पेशी नेहमीच्या मिथेनॉल-ॲसिटिक ॲसिडमध्ये टाकल्या. पट्ट्या बघायला हे मिश्रण उत्तम. गुणसूत्रे पसरतात छान, डीएनए जागेवर राहतो. पण आम्ल प्रथिनांची वाट लावते. काही धुऊन जातात, काहींचा आकार इतका बिघडतो की प्रतिपिंड ओळखत नाही. डीएनए बघायची पद्धत आणि प्रथिने बघायची पद्धत एक नव्हे, हे पुस्तकात वाचले होते. आज चार स्लाइड वाया घालवून शिकले.

या काळ्या स्लाइड फेकल्या नाहीत. त्यांवर ‘सगळेच अंधारात’ असे लिहून वेगळ्या डबीत ठेवल्या. प्रथिन नसल्यामुळे आलेला अंधार आणि माझ्या हाताने आलेला अंधार डोळ्याला सारखाच दिसतो. पुढे कोणत्याही बंद सेंट्रोमिअरकडे बघताना ही डबी समोर हवी.

१२ जून

आता पद्धत बदलली. कोल्सेमिडने पेशी विभाजनात अडवल्या, ७५ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये फुगवल्या आणि कुठलेही स्थिरीकरण न करता सायटोस्पिनने काचेवर फिरवून बसवल्या. मग आधी प्रतिपिंडे, आणि ती बसल्यावर पक्के करायला फॉर्मल्डिहाइड. पसरण तितकी देखणी येत नाही, गुणसूत्रे जरा जाडी, कापसासारखी दिसतात. पण प्रथिने जागेवर राहतात.

रुग्णाचे सिरम लावले. प्रत्येक गुणसूत्राच्या कमरेवर दोन लखलखीत ठिपके, प्रत्येक क्रोमॅटिडला एक. पहिल्यांदा हे दिसले तेव्हा मी खुर्चीवरून उठले.

मग ‘ब’चे लांबलचक एक्स शोधले. दोन्ही जागी ठिपके! वरही, खालीही. मी मॅडमना सांगायला गेले की आपल्या गुणसूत्राचे दोन्ही सेंट्रोमिअर चालू आहेत. त्यांनी चित्र पाहिले आणि एकच विचारले, “हे सिरम नेमके कोणाला ओळखते आहे?”

उत्तर माझ्याकडे होते. ५ तारखेला मीच लिहिले होते. प्रश्नच मनात आला नव्हता.

१३ जून

सिरम एक प्रतिपिंड नव्हे, प्रतिपिंडांचे मिश्रण आहे. ए, बी, सी तिघांनाही ते धरते. अशा अनेक सिरममध्ये बी-विरुद्धचा भाग जोरदार असतो. आणि सेन्प-बी जिथे बसते तिथे बसण्याचे त्याचे कारण वेगळेच आहे.

हा दिवस वहीत सविस्तर लिहिण्यासारखा आहे.

माणसाच्या सेंट्रोमिअरचा डीएनए म्हणजे अल्फा सॅटेलाइट: १७१ अक्षरांचा तुकडा, एकामागे एक, लाखो अक्षरे लांबीपर्यंत पुन्हा पुन्हा. यातल्या काही तुकड्यांत १७ अक्षरांचा एक ठरलेला क्रम असतो, त्याला सेन्प-बी बॉक्स म्हणतात. सेन्प-बी हा क्रम वाचते आणि त्यावर बसते. त्या जागी सेंट्रोमिअरचे काम चालते की नाही, याची ते चौकशी करत नाही. बॉक्स आहे ना, मग बसायचे.

म्हणून चारही बाजूंनी विचित्र चित्र तयार होते. वाय गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरमध्ये हे बॉक्स नाहीत, तिथे सेन्प-बी बसत नाही, तरी वाय विभागणीत भाग घेतेच. नवसेंट्रोमिअर, म्हणजे अल्फा सॅटेलाइट नसलेल्या जागी अचानक उभा राहिलेला सेंट्रोमिअर, १९९३मध्ये दहाव्या गुणसूत्राच्या एका तुकड्यावर सापडला. त्यावरही सेन्प-बी नाही, तरी तो चालतो. १९९८मध्ये सेन्प-बीचे जनुकच काढलेले उंदीर जन्मले आणि जगले. आणि बंद सेंट्रोमिअरवर मात्र सेन्प-बी आहे. जिथे काम चालते तिथे नसले तरी चालते, जिथे काम थांबले तिथे आहेच.

यावरून सेन्प-बी निरुपयोगी म्हणायला मी तयार नाही. प्रयोगशाळेत पेशीत नुसता अल्फा सॅटेलाइट डीएनए सोडून कृत्रिम गुणसूत्र घडवायचे असेल, तर बॉक्स लागतात. ते नसले तर नवा सेंट्रोमिअर उभा राहत नाही. शिवाय २०१५मध्ये दिसले की सेन्प-बी नसलेली गुणसूत्रे विभागणीत चुकण्याचे प्रमाण जास्त असते, वाय त्यात आला. म्हणजे ते उभारणीला हातभार लावते आणि पकड घट्ट करते. फक्त चालू की बंद, याची साक्ष त्याच्याकडून घेता येत नाही.

कालची चूक करायला मी पहिली नसणार. सुदैवाने अर्नशॉ आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्येच टिकाऊ द्विकेंद्री (दोन सेंट्रोमिअरच्या) गुणसूत्रावर बी आणि सी वेगवेगळी रंगवून दाखवली होती: बी दोन्हीकडे, सी फक्त चालू बाजूला. आता मला तेच माझ्या काचेवर हवे आहे.

१८ जून

सेन्प-सी. सशातले शुद्ध प्रतिपिंड, लाल. बी उंदरातले, हिरवे.

‘ब’चे गुणसूत्र: वरच्या जागी हिरवे आणि लाल, खालच्या जागी फक्त हिरवे. एका पेशीत, दुसऱ्या पेशीत, तिसऱ्या पेशीत. ज्या पेशींत हे गुणसूत्र नीट सुटे पडले होते त्या जवळपास सगळ्यांत हाच नमुना. (या वंशात हे गुणसूत्र गमावलेल्या, एकच एक्स असलेल्या पेशीही आहेत, त्या बाजूला ठेवल्या.)

आनंद झाला, आणि लगेच १० तारखेची डबी आठवली. खालच्या जागी लाल दिसत नाही म्हणजे तिथे सी नाही का? की प्रतिपिंड तिथे पोहोचले नाही?

बराच वेळ विचार केल्यावर कळले की या प्रयोगाचा सर्वांत मोठा आधार त्याच पेशीत आहे. त्या पेशीतल्या इतर प्रत्येक गुणसूत्रावर लाल ठिपके स्पष्ट आहेत. प्रतिपिंड पोहोचले, धुलाई ठीक, कॅमेरा ठीक. एवढेच नव्हे, त्याच गुणसूत्राच्या वरच्या जागी लाल आहे. आणि खालच्या जागी बी-चे हिरवे प्रतिपिंड पोहोचले, म्हणजे तो भागही घट्ट मिटलेला नाही. इतक्या साक्षीदारांमध्ये एकच जागा अंधारात असेल, तर तो अंधार त्या जागेचा आहे.

मोजणीची रीतही आज ठरवली. पार्श्वभूमी मोकळ्या काचेवर मोजायची नाही. मोकळी काच नेहमीच अंधारी असते, तिच्याशी तुलना केली तर गुणसूत्रावरचा कुठलाही धूसरपणा ‘संकेत’ ठरतो. पार्श्वभूमी त्याच गुणसूत्राच्या भुजेवर मोजायची, दोन सेंट्रोमिअरच्या मधोमध. तिथे सी नसते हे माहीत आहे. बंद जागेचा उजेड भुजेइतकाच निघाला, तरच ‘नाही’ म्हणायचे.

१९ जून

सायटोस्पिन बंद. दुरुस्तीची वाट. जुनी चित्रे मोजली.

२४ जून

सेन्प-ए. माझ्या मते या सगळ्या बांधणीची पायाची शिळा हीच. हे हिस्टोन एच३चे भावंड आहे (हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांवर गुंडाळला जातो ती प्रथिने). न्यूक्लिओसोममध्ये, म्हणजे हिस्टोनवर गुंडाळलेल्या डीएनएच्या एकेका गाठीत, एच३ऐवजी ते बसते आणि त्यामुळे डीएनएच्या त्या पट्ट्याची ओळखच बदलते. वॉरबर्टन आणि सहकाऱ्यांनी १९९७मध्ये दाखवले की ते चालू सेंट्रोमिअरवर असते आणि बंदवर नसते. माणसाच्या एका सेंट्रोमिअरवर सेन्प-एचे साधारण ४०० रेणू असतात असा २०१४चा अंदाज आहे. सेंट्रोमिअरमध्येही बहुतेक न्यूक्लिओसोम साध्या एच३चेच, मधून मधून हे. इतक्या थोड्यांवर पूर्ण गुणसूत्राची ओढ सांभाळली जाते.

आजच्या पहिल्या चित्रांत बंद जागी सेन्प-एचा फिकट ठिपका दिसला. पोटात गोळा आला, कारण तो भुजेपेक्षा नक्की जास्त होता. वरच्या ठिपक्याच्या तुलनेत मंद, पण होता.

संध्याकाळपर्यंत उलगडा झाला. सेन्प-बीचा रंग फार तेजस्वी आणि त्याचा थोडा उजेड शेजारच्या चॅनेलमध्ये झिरपत होता. एक स्लाइड फक्त बी-ने रंगवली, ए-चे प्रतिपिंड लावलेच नाही, तरी ए-च्या चॅनेलमध्ये तोच फिकट ठिपका! मग बी-चे रंगद्रव्य दूरच्या लाल टोकाकडचे घेतले, फिल्टर बदलले, एक्सपोजर कमी केले. बंद जागा भुजेइतकीच काळी झाली.

नियम: प्रत्येक खेपेला प्रत्येक प्रतिपिंडाची एकएकटी स्लाइड बनवायचीच. वेळ नाही हे कारण चालणार नाही. जी जागा बंद आहे तिथेच सर्वांत तेजस्वी रंग बसलेला असतो, म्हणून झिरपलेला उजेड नेमका तिथेच फसवतो.

२७ जून

आज नव्याने आलेल्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न इतका चांगला होता की उतरवून ठेवते. “ताई, हे एक्स तर निष्क्रिय एक्स आहे. मग त्याचा एक सेंट्रोमिअर चालू कसा?”

शब्द एकच, गोष्टी दोन. ज्या पेशींत असे बिघडलेले एक्स असते, तिथे सहसा तेच जनुकांच्या पातळीवर गप्प केले जाते. झिस्ट नावाचा आरएनए त्याला गुंडाळतो आणि बहुतेक जनुके बंद होतात. पण हे मौन सेंट्रोमिअरचे काम थांबवत नाही. थांबवले असते तर स्त्रियांच्या प्रत्येक पेशीतला गप्प एक्स विभागणीत हरवला असता. सेंट्रोमिअरचे बंद होणे ही वेगळी घटना आहे, वेगळ्या प्रथिनांची. यापुढे वहीत एक्ससाठी ‘गप्प एक्स’ आणि सेंट्रोमिअरसाठी ‘बंद’ हेच शब्द वापरायचे.

तिला समजावता समजावता ‘ब’ वंश किती मोलाचा आहे हे मलाच जास्त कळले. एक्स दोन प्रतींनी आरशासारखे जुळलेले असेल आणि त्या प्रती एकाच गुणसूत्राच्या भगिनी क्रोमॅटिड असतील, तर दोन्ही सेंट्रोमिअरचा डीएनए अक्षरशः एकच. तोच १२ तुकड्यांचा, सुमारे २,००० अक्षरांचा मोठा आवर्ती संच, तेच बॉक्स. तरी एकावर ए आणि सी, दुसऱ्यावर फक्त बी. क्रमात कारण शोधावे तर क्रमात फरकच नाही. सेंट्रोमिअर म्हणजे डीएनएचा एखादा शब्द नसून त्यावर बसून टिकलेली अवस्था आहे, हे वाक्य मी कितीतरी लेखांत वाचले होते. आज त्याचा अर्थ एका गुणसूत्राच्या दोन टोकांकडे बोट दाखवून सांगता आला.

२ जुलै

‘अ’ वंश. इथे खरी कठीण गोष्ट सुरू होते.

१३ आणि १४चे सेंट्रोमिअर एकमेकांना खेटून आहेत. आधी सेन्प-सी, मग फॉर्मल्डिहाइडने पक्के करून फिश (डीएनएचा ठरावीक क्रम रंगीत तुकड्याने, म्हणजे प्रोबने, शोधण्याची पद्धत): १३साठी एक रंग, १४साठी दुसरा. अडचण माहीत असलेली: १३चा अल्फा सॅटेलाइट २१शी इतका जुळतो की प्रोब दोघांनाही लागतो, आणि १४चा २२शी. पेशीभर ठिपके दिसतात. पण ज्या एका गुणसूत्रावर दोन्ही रंग शेजारी आहेत ते आपले, त्यामुळे ओळखायला अडत नाही.

फिशसाठी डीएनएचे धागे तापवून सुटे करावे लागतात, त्यात प्रथिनांचा उजेड निम्म्याने तरी मावळतो. म्हणून आधी सेन्प-सीचे चित्र काढायचे, जागेचे आकडे टिपायचे, मग फिश करायचे आणि त्याच पेशीकडे परत यायचे. आज सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त परत येणे चालले होते.

बहुतेक पेशींत सेन्प-सीचा एकच ठिपका दोन रंगांपैकी एका रंगावर बसलेला, आणि तो जास्त वेळा १४च्या बाजूला. मात्र थोड्या पेशींत सी लांबट दिसते, दोन्ही रंगांवर पसरल्यासारखी. दोन्ही चालू आहेत, की एकच आहे आणि दृष्टीची सीमा गाठली गेली?

दोन्ही चालू असू शकतात, यात नवल नाही. सलिव्हन आणि विलर्ड यांनी १९९८मध्ये दोन चालू सेंट्रोमिअरची टिकाऊ एक्स गुणसूत्रे दाखवली, आणि त्याच वर्षी पेज आणि शॅफर यांनी रॉबर्टसोनियनमध्ये सेंट्रोमिअरमधले कमी अंतर स्थैर्य राखते असे मांडले. दोन सेंट्रोमिअर शेजारी असले की बहुधा एकाच बाजूला ओढले जातात, एका मोठ्या सेंट्रोमिअरसारखे वागतात. अंतर वाढले की मधला भाग पीळ खाऊ शकतो आणि पुलाची भीती सुरू होते.

म्हणून या पेशींसाठी तक्त्यात तिसरा रकाना केला: ‘ठरवता येत नाही’. मॅडम म्हणाल्या, परीक्षक या रकान्यावर बोट ठेवतील. ठेवू देत. लांबट ठिपक्याला ओढूनताणून ‘एक’ किंवा ‘दोन’ करण्यापेक्षा ते परवडले.

५ जुलै

आता वरचा मजला: सेन्प-ई, डायनीन (सूक्ष्मनलिकांवर चालणारे मोटर प्रथिन), मॅड२.

ए आणि सी पेशीचक्रभर सेंट्रोमिअरवर असतात. सेन्प-ई तसे नाही. ते मोटर प्रथिन आहे, विभाजनाच्या सुरुवातीला कायनेटोकोअरवर येते आणि विभाजन संपले की नष्ट केले जाते. बेथ सलिव्हन आणि स्टुअर्ट श्वार्ट्झ यांनी १९९५मध्ये रॉबर्टसोनियन गुणसूत्रांवर सी आणि ई हे दोन्ही चालू सेंट्रोमिअरचे आवश्यक घटक असल्याचे दाखवले. १९९८मध्ये फॉकनर आणि सहकाऱ्यांनी मोटर प्रथिने व त्यांच्याशी जोडलेले समूह चालू बाजूलाच असल्याचे नोंदवले. माझ्या ‘ब’ स्लाइडवर सेन्प-ई: वर आहे, खाली नाही.

मॅड२चा मात्र नीट विचार हवा. ते तपासणी नाक्याचे प्रथिन. ज्या कायनेटोकोअरला अजून सूक्ष्मनलिका जोडल्या नाहीत त्यावर ते जमते आणि पेशीला थांबायला सांगते. नीट जोडणी झाली की निघून जाते. म्हणजे साध्या मेटाफेजमध्ये, जिथे सगळे जोडले गेले आहे, चालू सेंट्रोमिअरवरही मॅड२ दिसणार नाही. तिथे ‘मॅड२ नाही, म्हणून बंद’ म्हणणे साफ चूक.

पण माझ्या पेशी कोल्सेमिडमध्ये आहेत. सूक्ष्मनलिकाच नाहीत, म्हणून प्रत्येक चालू कायनेटोकोअर मॅड२ने उजळून ओरडतो आहे. अशा पेशीत खालची जागा गप्प असेल, तर ती जोडणी झाल्यामुळे गप्प नाही. ओरडायला तिथे कायनेटोकोअरच नाही. गुणसूत्रे सुटी पडावीत म्हणून घातलेले औषध असे पुराव्याच्या कामाला येईल, हे ठरवताना माझ्या ध्यानात नव्हते.

याचा दुसरा अर्थही लिहून ठेवते. बंद सेंट्रोमिअर जोडणीशिवायच राहतो, तरी पेशी त्याच्यासाठी थांबून राहत नाही. तो हाकच मारत नाही. बंद होणे अर्धवट असते, म्हणजे पकड गेली आणि मॅड२ जमण्याची जागा तेवढी राहिली असती, तर पेशी विभाजनात अडकून पडली असती. ही गुणसूत्रे टिकतात त्यामागे बंद होणे मुळापासून होते हेही एक कारण असावे, असे मला वाटते.

९ जुलै

कोल्सेमिडमध्ये जास्त वेळ राहिलेल्या काही पेशींत भगिनी क्रोमॅटिड भुजांवर सुटे झालेले, फक्त सेंट्रोमिअरपाशी चिकटून. ‘ब’चे गुणसूत्र या अवस्थेत पाहण्यासारखे: वरच्या जागी कंबर आवळलेली, खालच्या जागी दोन क्रोमॅटिड समांतर, मोकळे, भुजेसारखेच. सूक्ष्मदर्शकातून इतके स्पष्ट दिसते की कुठलाही रंग न लावता चालू बाजू कोणती हे सांगता येईल.

कारण प्रथिनांच्या साखळीत आहे. कायनेटोकोअरवर बसलेले बब१ जवळच्या हिस्टोन एच२एवर खूण करते, ती खूण शुगोशिनला बोलावते, आणि शुगोशिन तिथल्या कोहेसिनचे, म्हणजे भगिनी क्रोमॅटिडना बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचे, रक्षण करते. भुजांवरचे कोहेसिन आधी सुटते, सेंट्रोमिअरपाशी राखलेले शेवटी. जिथे कायनेटोकोअर नाही तिथे हा राखणदारही फार काळ टिकू नये. आज शुगोशिन रंगवून पाहायचे होते, पण आहे त्या प्रतिपिंडाने इतर गुणसूत्रांवरही पुरेसा उजेड दिला नाही. शेजारची गुणसूत्रे उजळली नाहीत, म्हणून बंद जागेबद्दल या स्लाइडवरून काहीही लिहायचे नाही.

१५ जुलै

बंद झाला कसा, हा प्रश्न माझ्या पेशींकडून सुटणार नाही. त्या आधीच ठरलेल्या अवस्थेत माझ्याकडे आल्या. पण विचार थांबत नाही.

सेन्प-ए टिकते कशी, ते पाहिले की बंद होणेही समजायला सोपे जाते. डीएनएची प्रत बनताना आहे ती सेन्प-ए दोन प्रतींत वाटली जाते, प्रत्येकीला निम्मी. भर पडते ती विभाजन संपल्यावर, जी१च्या (विभाजनानंतरच्या वाढीच्या टप्प्याच्या) सुरुवातीला; हे २००७मध्ये दिसले. भर घालणारा वाहक एचजेयूआरपी २००९मध्ये ओळखला गेला. जिथे जुनी सेन्प-ए आहे तिथेच नवी येते. आहे त्याचीच आठवण पुढे जाते.

आता समजा एखाद्या जागी भर पडणे बंद झाले. ४०० पासून मोजले तर पहिल्या विभाजनानंतर २००, मग १००, ५०, २५, आणि पाचव्यानंतर डझनभर. हे नुसते गणित आहे, प्रत्यक्षात कुठल्या पायरीवर कायनेटोकोअर कोसळतो ते वेगळे. पण आठवडाभर वाढणाऱ्या पेशींत एखादी जागा विसरली जायला एवढे पुरेसे वाटते.

विसर पडण्याच्या दोन वाटा लोकांनी दाखवल्या आहेत. २००८मध्ये कृत्रिम गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरवर मुद्दाम गप्प करणारे प्रथिन बांधले, तेव्हा सेंट्रोमिअर मोडला. म्हणजे डीएनए तसाच ठेवून केवळ क्रोमॅटिनची (डीएनए आणि त्यावरच्या प्रथिनांच्या बांधणीची) अवस्था बदलून तो बंद करता येतो. २०१०मध्ये स्टिम्पसन आणि सहकाऱ्यांनी टेलोमिअर (गुणसूत्रांची टोके) बिघडवून पेशीत नवी द्विकेंद्री गुणसूत्रे घडवली. त्यांत काहींमध्ये एका सेंट्रोमिअरचा अल्फा सॅटेलाइट अर्धवट कापला गेलेला दिसला. काही तशीच दोन चालू सेंट्रोमिअर घेऊन टिकली. एकच उत्तर नाही, आणि ते मला बरे वाटते.

उलट बाजूचा आरसा म्हणजे नवसेंट्रोमिअर. २०००मध्ये त्यांवर वीसहून अधिक कायनेटोकोअर प्रथिने तपासली गेली, आणि नेहमीच्या सेंट्रोमिअरसारखीच सापडली. कमी होते ते फक्त सेन्प-बी. बंद सेंट्रोमिअर म्हणजे क्रम आहे, बी आहे, काम नाही. नवसेंट्रोमिअर म्हणजे क्रम नाही, बी नाही, काम आहे. ही दोन चित्रे शेजारी ठेवली की सेन्प-बीबद्दल १३ जूनला लिहिलेले सगळे एका नजरेत येते.

१८ जुलै

अहवालाचा तक्ता. ‘बंद’ रकान्यात मी सेन्प-सीसमोर ‘नाही’ लिहिले होते. आज ते खोडून ‘त्याच पेशीतील इतर सेंट्रोमिअर उजळलेले असताना, भुजेपेक्षा जास्त उजेड नाही’ असे लिहिले. ओळ रकान्यात मावेना. रकाना रुंद केला.

सेन्प-बी : दोन्हीकडे. ए, सी, ई, मॅड२ : वरीलप्रमाणे. डायनीन : ‘ब’मध्ये चालू बाजूला, पण दोन खेपांपैकी एकीतच समाधानकारक, म्हणून पुन्हा. शुगोशिन : रिकामे ठेवले.

मॅडमनी विचारले, रुग्णाच्या सिरमची पहिली चित्रे अहवालात कशाला? त्यांत तर दोन्ही जागा उजळतात. मी म्हटले, म्हणूनच. पुढच्या कोणाला आधी तीच दिसतील.

सोमवारी नवे शुगोशिन प्रतिपिंड येईल. ‘ब’च्या सहा स्लाइड रंग न लावता बफरमध्ये ठेवल्या आहेत, फ्रीजच्या दुसऱ्या खणात, फॉइलमध्ये. १० जूनची डबी त्यांच्या शेजारीच आहे.